तिसऱ्या हाकेचे मामा

जालना जिल्ह्यात आजवर जेवढी माणसं पळाली असतील, बैलामागे पळालेली, एसटीमागे पळालेली आणि लग्नाच्या मांडवातून पळालेलीसुद्धा धरून, त्या सगळ्यांत माझ्या मामेसासऱ्यांइतकं सावधपणे कोणी पळालं नसेल. पळणाऱ्याला साध्या भीत्या असतात. ठेच लागेल, गुडघा धरेल, कुत्रं मागे लागेल. मामांना यातली एकही नव्हती. त्यांना भीती होती चकव्याची. चकवा म्हणजे ओळखीच्या वाटेवर माणसाला भुलवणारं, गोल गोल फिरवून पुन्हा त्याच झाडाखाली आणून सोडणारं काहीतरी. ते भूत आहे, वारा आहे, की माणसाच्याच डोक्यातला घोळ, हे मामांनी कधी सांगितलं नाही. "त्याला नाव न्हाई, गाव न्हाई, मी तुम्हाला काय पत्ता देऊ जावईबापू? लागला की बराबर कळतंय," एवढंच म्हणायचे आणि बुटाची नाडी पुन्हा एकदा आवळायचे.

आमच्या ग्रुपचं रविवारचं पळणं म्हणजे लाँग स्लो डिस्टन्स. लांब पळायचं, पण इतकं सावकाश की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. धाप लागून बोलणं तुटलं की समजायचं, आपण चुकलो. पहाटे जालन्यातून निघून राजूर रोडने एका तिठ्यापर्यंत जायचं आणि तिथून माघारी फिरायचं, असा आमचा नेम. पिकाला पाणी द्यायला निघालेली माणसं जुन्या सायकलींवरून आम्हाला मागे टाकत आणि वळून वळून बघत. एका म्हाताऱ्याने तर सायकल थांबवून विचारलं होतं, "पळून राह्यले की चालून राह्यले? एक काय ते धरा की." या संथ वरातीचे अध्यक्ष होते आमचे शेठजी. पणजोबा राजस्थानातून आलेले, धंदा लोखंडी सळयांचा. अध्यक्षपद मिळालं ते सगळ्यांचे टी-शर्ट त्यांनी शिवून दिले म्हणून. पाठीवर हातभर अक्षरांत त्यांच्या दुकानाचं नाव होतं आणि जिल्हाभर ते मिरवावं एवढीच त्यांची माफक इच्छा होती.

मामा तो टी-शर्ट उलटा घालायचे. शिवण बाहेर, लेबल बाहेर आणि दुकानाचं नाव आत, थेट मामांच्या पाठीला चिकटलेलं. कपडा उलटा असला की माणूस येतोय की जातोय हे चकव्याला उमगत नाही आणि तो नाद सोडतो, असा त्यांचा हिशोब. शेठजी दर रविवारी कळवळायचे. "मामा, एवढा खर्चा केला मी. अन् नाव तुमच्या पाठीला वाचायला ठेवलं का?" मामा शांतपणे म्हणायचे, "पाठीला वाचता येत न्हाई शेठजी. चकव्याला येतंय." आमच्या खिशात खजूर आणि गोळ्या असत, मामांच्या खिशात भाकरीचा तुकडा. तिठ्यावर पत्र्याची एक बंद पडलेली चहाची टपरी आहे, तिच्याजवळच्या दगडावर ते तो तुकडा चकव्यासाठी ठेवत. आम्ही पाठ फिरवली की तिथलं एक पिवळं कुत्रं तो खाई. चकव्याचा कोप कमी झाला की नाही ते ठाऊक नाही, कुत्रं मात्र चांगलं गुबगुबीत झालं.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे हाकेचा नियम. चकवा माणसाला ओळखीच्या आवाजात हाक मारतो, पण दोनदाच. तिसरी हाक मारणं त्याच्या हातात नसतं. म्हणून तिसऱ्या हाकेशिवाय मामा कोणालाही ओ देत नसत, दिवसाढवळ्या, भर बाजारातसुद्धा. माझ्या लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबीची परात घेऊन समोर उभा राहिला, दोनदा "मामा, जिलबी?" म्हणाला आणि पुढे गेला. मामा रिकाम्या पानाकडे बघत बसले आणि पुढे वर्षभर त्या वाढप्याला माणुसकी नाही म्हणून सांगत फिरले. एका शर्यतीत साठीच्या गटात त्यांचा नंबर आला. माइकवरून नाव दोनदा पुकारलं, मामा पहिल्या रांगेत मांडी घालून स्वस्थ. बक्षीस पुढच्या माणसाला गेलं. मी चिडलो तर म्हणाले, "तिसऱ्यांदा पुकारायला काय त्याच्या तोंडाला कुलूप लागलं होतं का?" त्यांचं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं. शेतकरी जळालेला पंप घेऊन दारात यायचे आणि एका दमात म्हणायचे, "मामा, मामा, मामा." सगळ्या तालुक्याला सवय झाली होती.

हे सगळं मी हसण्यावारी नेत असे. मग एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि हसू जरा मावळलं. जालन्याच्या टोकाला, राजूर रोडलाच त्यांचं घर. मामी पलंगावर बसलेल्या, अंगात लोकरीचा स्वेटर, तोही उलटा. मला वाटलं, त्यांनीच चुकून घातला. पण मामा बटणं नीट लावत होते, आतल्या बाजूने, बोटं वाकडी करकरून. मामींची आठवण गेली काही वर्षं विरत चालली होती. आधी मीठ विसरल्या, मग शेजारीण, मग मुलं. पहाटे उठून माहेरची वाट धरायच्या. माहेर राजूरकडच्याच एका खेड्यात, तिथे आता त्यांचं कोणीही नाही. "डॉक्टर आजाराचं नाव सांगतेत," मामा म्हणाले. "मला काय ते जमत न्हाई म्हणायला. हिला चकवा लागलाय. घरातल्या घरात." मामी माझ्याकडे बघून हसल्या आणि मामांना म्हणाल्या, "दादा, पाव्हण्याला च्या ठेवा." मामांना त्या आपला भाऊ समजत होत्या.

मामा मला सोडायला फाटकापर्यंत आले. तेव्हा कळलं की ते पळायला कशासाठी लागले. एका पहाटे मामी निघून गेल्या, हे मागे धावले आणि मामींना काही गाठता येईना. "बायको समोर दिसून राह्यली अन् माझा दम संपला. म्हणून तुमच्या ग्रुपात आलो. मला कुठं मेडल पाहिजे?" मग थोडं थांबून, फाटकाची कडी उगाच वरखाली करत म्हणाले, "मला 'अहो' म्हणून हाक मारून दीड वर्ष झालं तिला. एकदा मारावी, बस. मंग दादा म्हणली तरी चालंल." मी स्कूटरला किक मारली. ती पहिल्याच किकला सुरू झाली याचा त्या दिवशी रागच आला.

ज्या रविवारची ही गोष्ट, तो गेल्या हिवाळ्यातला. संक्रांत होऊन गेली होती आणि धुकं इतकं की पुढच्या माणसाचे बूट ऐकू यायचे, माणूस दिसायचा नाही. "धुई लई पडलीय," मामा म्हणाले आणि मामींपाशी शेजारच्या काकूंना बसवून आल्याचं आपणहून सांगितलं. तिठ्यावर पोचलो. पिवळं कुत्रं आलं नव्हतं. मामांनी भाकर दगडावर ठेवली, इकडेतिकडे बघितलं, आणि आम्ही माघारी फिरलो. रस्ता सरळ आहे. थेट जालन्यापर्यंत डावीकडे नाही की उजवीकडे नाही. शेठजी मुलीच्या लग्नातल्या व्याह्यांच्या तक्रारी सांगत होते आणि आम्ही हुंकार देत होतो. अशा बऱ्याच तक्रारी झाल्यावर धुक्यातून पत्र्याची एक बंद टपरी पुढे आली. फाटका बॅनर, वर उलटं टाकलेलं स्टूल. "दुसरी असंल," शेठजी म्हणाले. शेजारी दगड होता आणि दगडावर मामांची भाकर होती.

सगळ्यांचे पाय आपोआप भराभर पडू लागले. धाप लागली नव्हती, तरी गप्पा तुटल्या होत्या. दोन्हीकडची ज्वारी अगदी स्तब्ध होती. राजूरच्या मंदिराची घंटा ऐकू आली ती समोरून, म्हणजे जालन्याच्या बाजूने, आणि राजूर तर आमच्या पाठीशी होतं. मग पुन्हा पत्रा, पुन्हा स्टूल. या वेळी दगड रिकामा होता. कुत्रं कुठेच नव्हतं. शेठजींच्या मनगटावरचं महागडं घड्याळ प्रत्येक किलोमीटरला एका बाईच्या आवाजात आकडा सांगतं. माघारी फिरल्यापासून ते गप्प होतं. शेठजींनी ते तोंडाशी नेऊन बघितलं. "हे म्हणतंय, आपण उभेच आहोत," ते बारीक आवाजात म्हणाले.

"टी-शर्ट उलटे करा. जल्दी," मामा म्हणाले. त्या थंडीत आम्ही शिकलेसवरलेले, नोकरी-धंद्याचे, टक्कल पडलेले लोक हमरस्त्यावर उघडे झालो. सगळ्यांत आधी शेठजी. दुकानाच्या नावाची त्यांना तेव्हा अजिबात पर्वा नव्हती. त्यांचं डोकं टी-शर्टात अडकलेलं असतानाच धुक्यातून हाक आली.

"अहो."

बाईचा आवाज, ना लांब ना जवळ. या हाकेत मोठी अडचण अशी की तिच्यात नाव नसतं. आम्ही जेवढे उभे होतो तेवढे सगळे कोणाचे ना कोणाचे 'अहो' होतो. शेठजी टी-शर्टातूनच कुजबुजले, "माझी न्हाई. माझी इतक्या हळू बोलत न्हाई." एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो.

"अहो."

मामांनी माझं मनगट धरलं. "तिचाच आवाज आहे," ते म्हणाले. आणि मी, ज्याने त्यांच्या नियमाची सगळ्या सासरी टिंगल केली होती, मीच म्हणालो, "मामा, तिसरी येऊ द्या." आम्ही थांबलो. तिसरी हाक आली नाही. डांबरावर चपला सटसट वाजल्या आणि तो आवाज सावकाश आमच्यापासून लांब जाऊ लागला. मामांनी माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी विसरणार नाही.

"अन् न्हाई आली तर, जावईबापू?"

एवढं म्हणून त्यांनी छातीतला सगळा वारा एकवटून "ओ!" दिली आणि त्या आवाजामागे धावत सुटले. लाँग नाही, स्लो नाही. एवढ्या वर्षांत त्यांना इतक्या जोरात पळताना आम्ही पाहिलं नव्हतं. आम्हीही मागे धावलो. तिथेच थांबण्याची भीती त्यांच्यामागे जाण्याच्या भीतीपेक्षा मोठी होती.

रस्त्यातल्या लहानशा पुलाच्या कठड्यावर मामी बसल्या होत्या. अंगाभोवती शाल, केसांवर दव. पाय अनवाणी. चपला त्यांच्या पायात नव्हत्या आणि आसपासही कुठे नव्हत्या. मामा त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले. शालीच्या टोकाने त्यांची पावलं पुसली. मग म्हणाले, "तू हाक मारली का गं?"

"मी कशाला मारू?" मामी म्हणाल्या. "तुम्हीच मारली. 'अगं, थांब तिथंच,' म्हणले. म्हणून बसले की."

मामांनी हाक मारली नव्हती. आम्ही सगळे साक्षीला होतो. मामींची नजर मग मामांच्या छातीवर गेली. त्यांनी पुढे वाकून बाहेर आलेली शिवण चिमटीत धरली आणि एकदम, भरल्या संसारातल्या बाईच्या करड्या स्वरात म्हणाल्या, "अहो, हे काय? उलटं घातलंय की. लोक हसतील. काढा अन् नीट घाला." आणि आमच्याकडे बघून, "अन् हे सगळेच असे कसे निघाले घरून?"

मामा उठले. टी-शर्ट काढला, सुलटा केला, पुन्हा अंगात घातला. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते लपवत नव्हते. धुकं पातळ झालं तेव्हा पुलापलीकडे मामांची गल्ली दिसली. टपरी तिथून कितीतरी मागे राहिलेली असते. शेठजींचं घड्याळ अचानक बोललं आणि सगळं अंतर पूर्ण झाल्याचं त्या बाईने खणखणीत सांगितलं. नकाशावर जाण्यायेण्याची एक सरळ रेघ, कुठे वळसा नाही. घरी काकू रडत होत्या. पहाटे नळ आला, पाणी भरायला बाहेर गेल्या, तेवढ्यात मामी शाल घेऊन निघाल्या. "शालीला उलटं-सुलटं काय असतंय," मामा स्वतःशीच म्हणाले. दारात पोचेपर्यंत मामी त्यांना पुन्हा दादा म्हणू लागल्या होत्या. त्यानंतर आजवर 'अहो' आलेलं नाही.

आम्ही अजूनही रविवारी पळतो. आता सगळा ग्रुप टी-शर्ट उलटे घालतो आणि शेठजींनी नव्या टी-शर्टांवर दुकानाचं नाव आतून छापून घेतलं आहे, म्हणजे उलटं घातलं की बाहेर येतं. सुलटा घालणारे एकटे मामाच. किती समजावलं तरी ऐकत नाहीत. "तिनं सांगितलंय ना," म्हणतात. भाकर मात्र नेमाने ठेवतात, आता थोडी मोठी. धुक्याच्या दिवशी ते आमच्या पुढे निघतात. गप्पांत नसतात, कान देऊन पळत असतात. मामांना असं बघितलं की मी उगाच बुटातला खडा काढायला थांबतो. टपरी मागे पडते आणि पांढऱ्या धुक्यातून त्यांची "ओ" ऐकू येते, पहिल्याच हाकेला दिल्यासारखी, घाईची, आनंदी. आम्हाला कोणाचीच हाक ऐकू आलेली नसते.