पिवळा रंग गेला तेव्हा
शारदामातेस वंदन असो. आज वसंतपंचमीच्या पूजेत झेंडूचा गंध आला आणि काही वर्षांपूर्वीची फरीदाबादमधील एक संध्याकाळ आठवली. माझी सून तिथल्या प्रयोगशाळेत संशोधन करताना एका जिवाणूच्या एन्झाइममधील, म्हणजे विकरातील, अमिनो आम्ले एकेक करून बदलत होती. एन्झाइमला पिवळा रंग देणाऱ्या सहघटकाला त्यातले नेमके कोणते आम्ल धरून ठेवते, हे तिला शोधायचे होते. त्या दिवशीचा प्रयत्न अखेरचा होता; तो फसला असता, तर तिला संशोधनाचा विषयच सोडावा लागला असता. ती दारातूनच ओरडली, "बाबा, रंग गेला!" मी खचून म्हणालो, "अगं, रंग टिकावा म्हणूनच सकाळपासून जप करतोय." "अहो, तो जायलाच हवा होता! आज बदललेलं आम्लच त्याला धरून होतं. बरं झालं, देवीने तुमचं ऐकलं नाही!" आज फुले वाहिली, मागितले काहीच नाही. वाचकहो, आपल्या घरादारावरही तिची अशीच, मागण्याहून शहाणी कृपा राहो.