पांढरी वायर

हॅलिफॅक्समधल्या ज्या ज्या मराठी घरी आम्ही दोघं जेवायला गेलो, तिथे मी बायकोची एक गंमत सांगितली आहे. "ही नागपूरची. पंचेचाळीस अंश झाल्याशिवाय हिला ऊब वाटत नाही. म्हणते, घरात थर्मोस्टॅट नको, मे महिनाच बसवून द्या." लोक हसत. तीही हसे. "हसा बाप्पा, हसा," म्हणे आणि खांद्यावरची शाल सारखी करी. तिला जाऊन दोन वर्षं होऊन गेली. ती गंमत खोटी होती, आणि खोटी आहे हे मला ठाऊक होतं. ज्यांनी ती ऐकली, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

नोकरीभर मी कारखान्यांतून तापमान मोजायची उपकरणं बसवली आणि तपासली. निवृत्त झालो त्या वर्षी घरातली तेलाची भट्टी काढून बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घर तापवणारा, विजेवरचा हीट पंप घेतला. तो बसवायला आलेला मेकॅनिक शांत, कामात नीटस माणूस होता. घर किती तापवायचं ते ठरवणारा एक साधा थर्मोस्टॅट त्याने भिंतीवर लावून दिला. मला तो पटला नाही. मी दुकानातून मोठ्या पडद्याचा, वेळापत्रक लावता येणारा आणला आणि ऑक्टोबरातल्या एका रविवारी स्वतःच बसवायला घेतला. बेसमेंटमध्ये जाऊन विजेचा ब्रेकर बंद केला. पॅसेजमध्ये अंधार होता म्हणून बायको टॉर्च धरून उभी राहिली.

भिंतीतून सहा वायरी येत होत्या. पाच जोडल्या. सहावी, पांढरी, जुन्या थर्मोस्टॅटवर ज्या अक्षराखाली होती ते अक्षर नव्यावर नव्हतं.

"अहो, ही पांढरी राहिली की."

"ती लागत नाही."

"मग त्या माणसानं काहून लावली होती?"

"तू टॉर्च नीट धर."

मी तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळली आणि ती भिंतीत ढकलून दिली.

जानेवारीत बाहेर उणे पंधरा झालं तेव्हा थर्मोस्टॅट एकवीसवर लावलेला होता आणि दाखवत होता सतरा. ती पॅसेजमध्ये उभी राहून म्हणाली, "थंडी वाजून राहिली हो मला. हे सतराच्या वर जातच नाही." मी म्हटलं, हीट पंप म्हणजे भट्टी नव्हे, तो सावकाश तापवतो. दुसऱ्या दिवशी म्हटलं, सतरा काही कमी नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, तुझ्या अंगातच थंडी आहे. त्याच आठवड्यात कुणाकडे तरी जेवताना मे महिन्याची गंमत मला सुचली. ती जमली, म्हणून पुन्हा सांगितली.

तिने तिची सोय शोधली. आमच्या बेसमेंटमध्ये कपडे धुवायची छोटी खोली आहे. कपडे वाळवायचा ड्रायर चालू असला की ती ऊबदार होते. तिने तिथे एक बुटकं स्टूल नेऊन ठेवलं. ड्रायरला पाठ टेकून ती मटार सोलायची, नागपूरला बहिणीशी फोनवर बोलायची, वाळलेले टॉवेल घडी न करता तसेच मांडीवर घेऊन बसायची. एकदा मी ड्रायर उघडून पाहिला तर आत एकच टॉवेल फिरत होता, तोही कोरडा. मी तिला बोललो. पुढे ती ड्रायर चालू करण्याआधी माझ्या पावलांचा कानोसा घेई. हे मला कळत असे.

दुसऱ्या हिवाळ्यात थर्मोस्टॅटची बॅटरी बदलायची होती म्हणून मी त्याचं पुस्तक काढलं. पानं उलटताना वायरींचा तक्ता समोर आला आणि मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसलो. बाहेर फार थंडी पडली की हीट पंप एकटा पुरत नाही. तेव्हा मदतीला आत विजेच्या कॉइल तापतात. त्यांना चालू हो म्हणून सांगणारी वायर ती पांढरी. नव्या थर्मोस्टॅटवर तिची जागा होती, फक्त तिला नाव दुसरं दिलं होतं. माझ्यासारख्या माणसाने हे पुस्तक आधी वाचायला हवं होतं.

जोडायला दहा मिनिटं लागली असती. पण त्या संध्याकाळी आमच्याकडे चार माणसं जेवायला यायची होती. घर तासाभरात एकवीसला पोचलं असतं आणि तिने सगळ्यांदेखत विचारलं असतं, "आज काय केलंत हो?" मी ठरवलं, उद्या जोडू. त्या रात्री जेवताना कुणीतरी म्हणालं, वहिनींची ती गंमत सांगा ना. मी सांगितली. दुसऱ्या दिवशी वारा फिरला, पाऊस आला, बर्फ वितळलं. इथली थंडी अशीच आठवडाभर येते आणि जाते. ती गेली की विषयही जायचा, आणि पुन्हा आली की वाटायचं, आता इतक्या दिवसांनी काय सांगायचं? पुढची काही वर्षं तोच मेकॅनिक तपासणीला यायचा. एकदा त्याने विचारलं, "थर्मोस्टॅट बदललात वाटतं. वायरिंग बघून देऊ का?" मी म्हटलं, नको, मी याच कामातला आहे.

असे दहा हिवाळे गेले. पहिला हिवाळा माझ्या चुकीचा होता. पुढच्या नऊंना चूक म्हणता येणार नाही.

ती थंडीने गेली नाही. मूत्रपिंडाचा आजार होता. शेवटच्या हिवाळ्यात हॉस्पिटलमधून घरी आली तेव्हा मी तिच्या पलंगाशेजारी ठेवायला एक छोटा हीटर आणला. तिने दोन्ही तळवे त्याच्यापुढे धरले. "इतकी वर्षं कुठं होतास रे?" ती हीटरलाच म्हणाली. मी त्या खोलीतून उठून गेलो. एप्रिलमध्ये ती गेली.

गेल्या नोव्हेंबरात लग्नानंतर दूर वॉन शहरात राहणारी मुलगी घरी आली. मी बसवलेल्या थर्मोस्टॅटचा पडदा पुसट झाला होता. तिने नवा आणला, फोनवरून चालवता येणारा. "म्हणजे तिकडून मला दिसेल, बाबा, तुम्ही गारठून बसलात की नाही ते." या वेळी टॉर्च माझ्या हातात होता. तिने जुना काढला, वायरींचा फोटो घेतला, आणि भिंतीत बोट घालून ती पांढरी वायर बाहेर ओढली.

"ही बघा, ही तर कनेक्टच नाहीये. टेप कोणी लावली?"

"त्या वेळच्या मेकॅनिकने," मी म्हणालो. इतकं सहज म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं.

तिने वायर जोडली. तीन दिवसांनी कडाका पडला. कॉइल पहिल्यांदाच तापल्या आणि गरम हवेच्या झरोक्यांतून जळक्या धुळीचा वास घरभर पसरला. बारा वर्षांची धूळ. अर्ध्या तासात एकवीस झाले. मुलगी पॅसेजमध्ये आकड्यापुढे उभी होती. "आई म्हणायची ना," ती म्हणाली, "आणि आपण सगळे हसायचो. मीपण."

परत गेल्यावर पंधरा दिवसांनी दुपारी तिचा फोन आला. तिने त्या मेकॅनिकला पत्र लिहिलं होतं, आणि तेच इंटरनेटवरही टाकणार होती. "आईचे दहा विंटर्स गेले त्या माणसामुळे. वाचून दाखवते. तारखा बरोबर आहेत का सांगा." तिने वाचलं. पत्र चांगलं होतं. त्यात आईची शाल होती, ड्रायरजवळचं स्टूल होतं. तो मेकॅनिक आता म्हातारा झाला असेल.

"पाठवू नकोस," मी म्हणालो.

"का? सोडून द्यायचं?"

"टेप मी लावली. चूक दुसऱ्याच वर्षी कळली होती मला."

मागे तिच्या घरात डिशवॉशर चालू होता.

"कळली होती म्हणजे? यू न्यू?"

"हो."

"आणि तो जोक? तो तर तुम्ही माझ्या लग्नात सांगितलात."

"हो."

"आईला माहीत होतं?"

याचं उत्तर मी बारा वर्षं टाळत आलो होतो. "पांढरी राहिली म्हणून तिनेच मला सांगितलं होतं," मी म्हणालो. "टॉर्च तिच्या हातात होता."

फोन बंद झाला.

त्यानंतर तिने फोन केला नाही. मी केला, तिने उचलला नाही. तिसऱ्या दिवशी मी थर्मोस्टॅट सतरावर आणला आणि बेसमेंटमध्ये जाऊन त्या स्टुलावर बसलो. ड्रायर लावला नाही. पाठीला थंडगार पत्रा लागत होता. तासभर बसलो असेन. गुडघे दुखायला लागले तसा वर आलो. झरोक्यांतून गरम हवा येत होती. पॅसेजमध्ये जाऊन पाहिलं तर आकडा पुन्हा एकवीसवर होता. मी त्याला हात लावलेला नव्हता.

मी लगेच फोन लावला. तिने उचलला नाही. आज त्यालाही महिना होईल. मी सतरावर आणतो, ती वॉनमधून एकवीस करते. अजून बोलत नाही.