तीन पट्ट्यांचा हुरडा

आमच्या मामाजीनं हुरड्याचे तीन पट्टे पेरले होते, हे आधीच सांगून ठेवते. नाईतर मी सांगत सुटीन आणि तुमी म्हणसान, ही काय बोलून राह्यली.

मामाजी म्हणजे माझे सासरे. जन्मभर पटवारी. नोकरी संपली, जमीन मोजायची साखळी सरकारजमा झाली, पण सवय थोडीच जमा होते. घरातली खाटसुद्धा ते भिंतीच्या सरळ रेषेत लावतात आणि कोणी सरकवली की त्याइले झोप येत नाई. मी लग्न होऊन रिठदले आली, तो माझा पहिलाच हिवाळा. आमचे हे पुसदले मास्तर. तिथं खोली मिळेपर्यंत मी सासरी. म्हणजे घरात तिघंच, मामाजी, आत्याबाई म्हणजे सासूबाई, आणि मी.

त्या दोघाइचा हिवाळा मी पाह्यला आणि मले तो कोणाले तरी सांगतल्याबिगर राहवतच नाई.

सकाळी ऊन ओसरीवर आलं की दोघं उन्हाकडं पाठ करून बसत. मधात तुरीच्या ओल्या शेंगांचं टोपलं. शेंगा सोलायच्या आणि दूरच्या पोराइची हजेरी घ्यायची.

"अकोल्याले मोठा आता कचेरीत निघाला असन," मामाजी म्हणत.

"एवढ्या थंडीत? त्याले अंग धुवायलेच दुपार होते."

"तुले काय दिसून राह्यलं काय इथून?"

"माहं पोरगं हाये. मले दिसते."

मग कारंज्याची लेक. तिच्या घरी धान्याची अडत, हंगामात तिले श्वास घ्यायले फुरसत नाई. मग पुसदचे आमचे हे. ह्यांचा नंबर आला की मी मुद्दाम झाडू घेऊन ओसरीवर जाई. रोज त्याच गोष्टी. कुठून नवी बातमी आली नाई तरी यांचं काही अडत नसे.

आता पट्टे. हुरडा म्हणजे जवारीच्या कणसातला दाणा दुधातून निघतो आणि कडक व्हायचा राहतो, तेवढ्या मधल्या दिवसांची मजा. आधी आलं तर दूध, उशिरा आलं तर सरळ भाकरीच करा. आणि इकडं तिघाइच्या सुट्ट्या तीन दिशेले. दर साली कोणाच्या तरी वाट्याले दूध नाईतर जवारी येई. म्हणून मामाजीनं पावसाळ्यातच डोकं लावलं. गुळभेंडी जवारीचं बी एकदम न पेरता थांबून थांबून तीन वेळा पेरलं. बांधाच्या धुऱ्याले लागून मोठ्याचा पट्टा, मधात लेकीचा, विहिरीकडून धाकट्याचा. ज्यानं त्यानं आपल्या सुट्टीत यावं, आपला हुरडा खावा, आपल्या घरी जावं. कोणाची तक्रार नाई. ही योजना त्याइनं अख्ख्या गावाले दाखवली. काही लोकाइले दोनदा.

एके दिवशी आत्याबाई भाकरी थापता थापता मले म्हणाल्या, "याइनं तं पोराइची वाटणी करून टाकली वं."

"कशी?"

"मोठा येईन, खाईन, जाईन. मंग बाई येईन, खाईन, जाईन. मंग तुहा नवरा. तिघं एकमेकाचं तोंड कवा पाहतीन? आन मी तिघाइले एका जागी कवा पाहीन?"

मी म्हटलं, "आमच्या लग्नात होते की तिघं."

"होते. मी कुठी होती? मी चुलीपाशी होती. मले फक्त त्याइचे ताट दिसले."

भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, "एक डाव तिघं एका आगटीभवती बसले पाह्यजे. मंग कणीस कडक असो का कच्चं."

मामाजीनं तिघाइले तीन कार्डं टाकली. खड्या आवाजात वाचून दाखवली, अगदी चावडीवरच्या जाहीरनाम्यासारखी. कोणाचा पट्टा कवा तयार होईन, कोणी कवा यावं. आत्याबाईनं सगळं आयकलं, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी अंगावर घोंगडी घेऊन, मले संगं नेऊन मोटरीच्या थांब्यावर जाऊन उभ्या राह्यल्या. त्याइले लिहिता येत नाई. त्याइचं टपाल म्हणजे माणसं. अकोल्याले जाणाऱ्या मोटरीच्या डायव्हरले सांगतलं, मोठ्याले म्हणा, कार्डावर काई बी असो, बाई येईन त्याच आयतवारी ये. पुसदकडं निघालेल्या बांगडीवाल्याले तेच सांगतलं, वरून त्याच्याकडून मले चार बांगड्या भरून घेतल्या. "म्हणजे घरी पुसलं तं सांगता येते कायले गेलतो," म्हणाल्या. लेकीले निरोप नाई. तिचा पट्टा मधला, तिचाच दिवस पक्का.

मग मोठ्याचे दिवस आले, आणि मोठे भाऊजी आले नाईत.

मामाजी नोकरीतला जुना कोट घालून रोज वावरात जात. माळ्यावर चढून गोफणीनं चिमण्या हाकलत, तेही मोठ्याच्या पट्ट्यावरच्याच, जशा काही त्या सरकारी जमिनीत घुसल्या. संध्याकाळी एक दाणा नखानं दाबून पाहत आणि तोंड पाडून घरी येत.

"मोठ्याचा पट्टा चालला वं हातातून."

"कचेरीत काम असन," आत्याबाई चुलीत तोंड घालून म्हणत. एवढी फुंकर त्याइनं विझलेल्या चुलीलेही कधी मारली नसन.

आयतवारी दुपारच्या मोटरीतून नणंदबाई उतरल्या, लेकरू कडेवर. आणि त्याइच्या मागून पिशवी घेऊन मोठे भाऊजी.

मामाजी पाहतच राह्यले. "तू काहून आला?"

"येऊ नाई काय?"

"अरे, तुहा पट्टा कडक होऊन गेला. त्याची जवारी झाली."

"थंडीत आलं लेकरू," आत्याबाई मधात पडल्या, "आधी चहा पाजा, पट्टा मंग मोजा."

मामाजीनं एकदा भाऊजीकडं पाह्यलं, एकदा आत्याबाईकडं.

आमी सगळे वावरात गेलो. खड्ड्यात गोवऱ्या रचल्या, कणसं मोडली, चटणी काढली, गूळ काढला. आणि आत्याबाई आगटी पेटवेनात.

"गोवऱ्या ओल्या हायेत," म्हणाल्या.

त्या गोवऱ्या मी स्वतः वाळवल्या होत्या. पण माझेही डोळे रस्त्यावरच होते. नणंदबाईचं लेकरू भुकेनं किरकिर करू लागलं, ऊन विहिरीपलीकडं उतरलं.

"अवं, दिवस चालला," मामाजी म्हणाले. "कोणाची वाट पाहून राह्यली?"

"कोणाची पाहू? धाकटा तं पुढं येणार. तुमीच लिहिलं."

मामाजी आगपेटी घ्यायले हात पुढं करत होते. आत्याबाईनं ती पदरात घेतली आणि पदर कमरेले खोचला. तेवढ्यात रस्त्यावर धूळ दिसली. एक सायकल, त्यावर मफलर गुंडाळलेलं कोणीतरी. वाशीमले मोटर चुकली म्हणून ह्याइनं कोणाची तरी सायकल मागून आणली होती. घामाघूम, भर थंडीत.

मामाजीनं कमरेवर हात ठेवले. "तुहा तं आजून दुधात हाये."

मोठे भाऊजी एवढे हसले की त्याइले ठसका लागला. आत्याबाईनं पदरातली आगपेटी काढली. पहिल्याच काडीले आगटी पेटली. त्याच गोवऱ्या.

मग जे झालं ते मी किती सांगू. मामाजी म्हणे, "बाईचा पट्टा हाये, तिले इचारून खा." नणंदबाई म्हणे, "मोठ्याले देऊ नका, त्यानं लहानपणी माहे सारे बोरं खाल्ले." आमचे हे तं दोन्ही हातानं खात होते. मी कणसं चोळून चोळून तळहात भाजून घेतले. आणि आत्याबाई नुसत्या बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. याच्याकडं पाह्य, तिच्याकडं पाह्य, त्याच्याकडं पाह्य. त्याइले रिकाम्या हातानं बसलेलं मी तवा पहिल्यांदा पाह्यलं.

मामाजीनं एक गरम कणीस चोळलं, फुंकून कोंडा उडवला, आणि ती मूठ आत्याबाईच्या हातावर ओतली.

"घे, पोस्टमास्तरीण."

आत्याबाईनं खाल्लं. "मीठ कमी हाये," म्हणाल्या.

यंदा पेरणीच्या वेळी मामाजीनं तिन्ही पट्टे एकाच सकाळी पेरून टाकले. काहून, म्हणून आत्याबाईनं पुसलं. "ओल तशी होती," म्हणे, आणि बैल सोडायले गेले.

आत्याबाई खुश व्हायच्या तं विचारात पडल्या. दोन दिवसांनी मले म्हणाल्या, "सारे एकदम येतीन, एकदम जातीन. मंग बाकीचा हिवाळा आमी दोघं काय करू, शेंगा सोलू?"

पुढं पंधरा-वीस दिवसांनी मी विहिरीवर गेली, तं आत्याबाई काठाशी वाकून, खुरप्यानं माती उकरून गुळभेंडीचं मूठभर बी टाकून राह्यल्या होत्या.

"पाखराइसाठी," मले पाहून म्हणाल्या. "याइले सांगू नको."