घाडीकाकांना ताटकळत ठेवणाऱ्यांनो

मेलेल्या माणसाला उन्हात ताटकळत ठेवलंत रे तुम्ही. थू तुमच्यावर.

काल सकाळी घाडीकाका गेले. भांडुपच्या आमच्या बिल्डिंगमधले, तळमजल्यावरचे.

ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. काका एअर फोर्समध्ये पायलट होते. एकाहत्तरच्या लढाईत हेलिकॉप्टर चालवलं. जखमी पोरांना उचलून मागे आणायचं, हे त्यांचं काम.

पुढे नोकरी सोडली आणि कादंबऱ्या लिहायला बसले. खुनाच्या, भुताच्या. लायब्ररीत पानं सुटेस्तोवर फिरायच्या तसल्या. आतली चित्रंपण स्वतःच काढायचे, बोरू आणि काळी शाई.

मॉडेल कोण? आम्ही.

जिन्यात उभे राहून ओरडायचे, "मरायला कोण मोकळं आहे रे?"

आणि आम्ही धावायचो! आमच्या बिल्डिंगमधला जवळपास प्रत्येक जण काकांच्या पुस्तकात एकदा तरी मेलेला आहे. माझ्या मित्राची, सच्याची आई तर विहिरीत तरंगलीय. अजून ते पान पाहुण्यांना दाखवते.

मी दहावी नापास. शाळेला जे जमलं नाही ते काकांच्या खुनांनी केलं. पुढे काय झालं हे कळायला पाहिजे म्हणून वाचायला शिकलो.

एकच माणूस कधी मॉडेल झाला नाही. आमच्या एरियाचे भाऊ. नगरसेवक व्हायचंय त्यांना, केव्हापासून. नाव लिहीत नाही, फुकटची पब्लिसिटी नको.
"खाली पडून राहायचं? इमेज जाईल ना आपली," असं म्हणाले होते.

काल त्याच भाऊंनी काकांचा ताबा घेतला.

मी ओमानला, एसीच्या कामावर. सच्याने व्हिडिओ कॉल लावला. बघतो तर काका गेटजवळ तिरडीवर बांधून तयार. हार घालून झाले. भटजी घड्याळ बघतायत. काकू डोक्याशी बसून वर्तमानपत्राने वारा घालतेय.

मागे बॅनर. एका रात्रीत कुणाला छापून मिळत नाही, यांना तासाभरात मिळतो. भाऊंचा फोटो केवढा, काकांचा केवढा! वर फायटर विमान, आग ओकणारं. अरे हेलिकॉप्टरवाला माणूस तो! काकूला तरी विचारायचं.

"सच्या, उचलत का नाहीत?"
"साहेब येतायत."
"कोण साहेब?"
"भाऊंचे. वरचे. हार घालणार, फोटो काढणार, मग निघायचं."
"आहेत कुठे?"
"मघाशी ऐरोलीला होते. आता पण ऐरोलीलाच आहेत."

काका-काकूंना मूलबाळ नाही. परदेशातून कोणी यायचं नव्हतं. गाववाले आले होते. वाट बघण्यासारखं जगात कोणीच नव्हतं. तरी ऐरोलीचा एक माणूस काढला यांनी शोधून.

आता सांगतो माझं डोकं का फिरलं.

काकांनी लढाईवर एकच कादंबरी लिहिली. प्रकाशक म्हणाला, "यात एक खून टाका, मग चालेल." काकांनी नाही टाकला. ती चाललीच नाही. मी वाचलीय. शेवटच्या पानावर चित्र आहे. जमिनीवर उभं हेलिकॉप्टर, पुढे माणसं हार घेऊन ओळीत, आणि उघड्या दारातून बाहेर आलेला एक पाय.

मी विचारलं होतं, "काका, पाय कुणाचा?"

बराच वेळ बोरू पुसत बसले. मग म्हणाले, "जखमी पोरगा होता. मला म्हणाले, थांब, मोठे पाहुणे येतायत, जखमींबरोबर फोटो काढायचाय. मी थांबलो. फोटो चांगला आला. पोरगा नाही आला."

त्यानंतर काकूला सांगून ठेवलं होतं त्यांनी. मी गेलो की मला कुणासाठी थांबवू नकोस.

काकू सकाळपासून भाऊंना तेच सांगत होती. हात जोडून. आणि बिल्डिंगमधले सगळे बाप्ये खाली माना घालून उभे. कारण रिडेव्हलपमेंटची फाइल भाऊंकडे. मी इथून फोनवर ओरडत होतो यार, कोण ऐकतंय!

भाऊ काकूला समजावतायत, "काकू, साहेब आले की मान मिळेल काकांना. थोडं अॅडजस्ट करा."

काकू उठली.

"मान? फुलां सुकली ह्येंच्या आंगावरची, तुका मान दिसता? सरक रे मेल्या. साहेब येवंदेत नायतर रवंदेत."

आणि स्वतः वाकली. तिरडीचा पुढचा बांबू धरला. ऐंशीला टेकलेली बाई. हलतोय कसला तो बांबू!

कोणी पुढे येईना. बाया खांदा देत नाहीत आमच्यात.

मग दुसरा बांबू सच्याच्या आईने धरला. पदर खोचला आणि मागे बघून म्हणाली, "सच्या, फोन ठेव की मेल्या! मागून धर!"

सच्याने फोन तसाच खिशात कोंबला. कट करायला विसरला.

स्क्रीन काळी. नुसता आवाज.

सच्याचा श्वास. चपला घासतायत. कोणीतरी "सावकाश, सावकाश, गटार आहे" म्हणतंय. मग अजून पाय, अजून पाय. मागचे बाप्ये आले वाटतं एकदाचे. काकूचा आवाज नाही, म्हणजे रडत नव्हती.

आणि लांब, मागे, भाऊ फोनवर. "साहेब, निघाली हो बॉडी... ऐकतच नाहीत लोक... सॉरी साहेब... नाही, स्मशानात पण फोटो होईल ना..."

मी साइटवर पाइपांच्या ढिगावर बसून सगळा रस्ता ऐकला. सुपरवायझरने दोनदा हाक मारली. नाही उठलो.

भाऊ, तुम्ही या पोस्टखाली हात जोडायला येऊ नका. ब्लॉक करीन.

घाडीकाका, तुमची अंत्ययात्रा मी सच्याच्या खिशातून ऐकली. खांदा द्यायला नव्हतो. इथूनच पाया पडतो.