कॅसेटमधले अकरा सेकंद

भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीतून निवृत्त होऊन गावी परतणाऱ्या एका गृहस्थांकडून मी जुना ॲम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर घेतले. चंद्रपूरला घरी आणले, तेव्हा आवाजाचं बटण फिरवलं की खरखर व्हायची आणि स्पीकरच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा होऊन पडला. ऑफिसातून आल्यावर मी रोज तासभर त्यातच घालवायचो. बटणात क्लीनर मारून ते कितीतरी वेळा फिरवलं, नव्या कडा चिकटवल्या, डेकचा सैल पडलेला पट्टा बदलला. स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे ओढून कानाच्या उंचीवर ठेवले आणि खोली आवाजानं भरली. आपल्या हातात काहीतरी कसब आहे, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

ते मी फोनवर बाईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, सांगितलं. ती आरमोरीजवळच्या खेड्यात राहते.

"मंग माही एक कॅसेट हाये, ते साफ करून देशीन का?" तिनं विचारलं. "यायच्या गान्याची हाये. आमच्या टेपात फसते. तुटन म्हनून भेव वाटते मले."

'यायच्या' म्हणजे भाटव्यांच्या, तिच्या नवऱ्याच्या. धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. भाटवे त्यात गायचे आणि घरी पेटी घेऊन तालीम करायचे. कॅसेट अशाच एका तालमीची होती. मग एका पावसाळ्यात त्यांची आठ वर्षांची मुलगी तापानं गेली. भाटव्यांनी त्यानंतर पेटी उघडली नाही. त्या मुलीचं नाव घरात कोणी काढत नाही. हा नियम कोणी घातला नव्हता, पण आम्ही सगळे तो पाळत होतो. बाईनंही पाळला. गाण्याची कॅसेट म्हणाली, मी गाण्याचीच समजलो.

डेकच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट ज्या टेपवर भरली असेल, त्याच्या हेडचा कल आपल्या डेकशी जुळत नाही. स्क्रू केसभर फिरवत तो जुळवला, की दबलेला आवाज उघडतो. तसा तो उघडला. पेटीच्या भात्याचा श्वास, पट्ट्यांची टकटक, भाटव्यांचा तरुण गळा. आणि दुसऱ्या अंतऱ्यात, अगदी स्पष्ट:

"बाबाऽ, कोंबडी! कोंबडी पेटीवर बसून राह्यली!"

मग खिदळणं. आतून बाईचा आवाज, "अवं पोरी, हाकल ना तिले!" आणि बाईचंही हसू. भाटवे न थांबता गात राहतात. सगळे मिळून अकरा सेकंद.

पुढचं मला खरं लिहायचं आहे. बाईला त्रास होऊ नये म्हणून मी ते काढलं, असं मी बायकोला सांगितलं. स्वतःलाही बरेच दिवस तेच सांगत होतो. पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की नेमकी सुरेल जागा बिघडली. ज्या पोरीला मी खांद्यावर बसवून मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेत, फिरवलं होतं, तिचा आवाज मला गाण्यातला अडथळा वाटला. दयेचा विचार नंतर आला, आणि तो सोयीचा होता म्हणून मी धरून ठेवला.

गाणं कॉम्प्युटरवर घेतलं. पहिल्या अंतऱ्यातली चाल तीच होती, तिथला तुकडा उचलून त्या जागी बसवला. सांधा मलाही ऐकू येईना. मग मला वाटलं, साफ झालेलं गाणं त्याच कॅसेटवर परत भरावं, कारण तिच्यावर भाटव्यांच्या हातचं अक्षर होतं. भरलं. कॉम्प्युटरवरची मूळ नक्कल काम संपल्यावर पुसायची माझी सवय, तीही पुसली.

रविवारी सगळं सामान गाडीत घालून बाईकडे गेलो.

"साळेबुवा, एवढे डब्बे कायले आनले?" भाटवे म्हणाले. "मंडई भरवता का आमच्या घरी?"

"तुमाले तुमचाच आवाज आयकवतो, भाऊजी."

"माहा आवाज म्हैस हाकलाले ठीक हाये." पण ते बसले. बाई हात पुसत येऊन थेट स्पीकरसमोर बसली.

गाणं खरोखरच सुंदर वाजलं. भाटव्यांची मान हलत होती. दुसरा अंतरा आला तशी बाई पुढे वाकली. अंतरा संपला.

"पुना लाव," ती म्हणाली.

पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा अंतरा सरला, तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं.

"कोंबडी कुठी गेली रे भाऊ?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, त्याच कॅसेटवर भरल्याचंही. भाटवे उठून अंगणात गेले. बाई माझ्याजवळ सरकली.

"तुले आयकू आलं होतं?"

"हो."

"साफ?"

"साफ, बाई. आत्ता बोलल्यावानी."

"आमच्या टेपात नुसता चिवचिवाट ये. तू साफ करशीन म्हनून देल्ली मी." मग ती म्हणाली, "काय म्हने ते? म्हन."

मी म्हटलं. माझ्या जाड, पन्नाशीच्या आवाजात ते शब्द जमिनीवर पडल्यासारखे झाले.

"तसं नाई. तिच्यावानी म्हन. 'बाबा' लंब म्हने ते."

मी पुन्हा म्हटलं. मला जमलं नाही.

त्याला चार वर्षं झाली. ॲम्प्लिफायर आता कापडाखाली आहे. बाईकडे गेलो, की भाटवे बाहेर गेल्यावर ती म्हणते, "म्हन," आणि मी म्हणतो. आधी ती दर वेळी चूक काढायची. 'कोंबडी' म्हणताना हसू यायला पाहिजे, 'पेटीवर' घाईनं म्हणायचं. गेल्या दोन खेपांना तिनं काहीच दुरुस्त केलं नाही. मला जमू लागलं म्हणून, की तिलाही आता नीट आठवत नाही म्हणून, हे तिला विचारायची माझी हिंमत होत नाही.