पिशवीसकट

कारखान्यात त्याला सगळे ‘नाकवाले’ म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. सव्वीस वर्षं एकाच मिक्सरपुढे उभा राहिलेला माणूस. झाकण उघडलं की एकदा वास घ्यायचा आणि सांगायचा, “अजून दीड मिनिट.” घड्याळ लावून बघा, दीडच मिनिट! त्या मिक्सरमध्ये प्लास्टिकचे दाणे आणि कृत्रिम रबर एकजीव व्हायचं. नुसतं प्लास्टिक कडाक्याच्या थंडीत तडकतं, नुसतं रबर आकार धरत नाही. दोन्ही नीट मिसळलं तर गाडीचा असा बंपर होतो की धक्का खाऊनही धड राहतो. हे सगळं नाकवाल्याच्या हाताखालून जायचं आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

पण सुख म्हणाल तर नव्हतं. कारण एकच, साडू.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. चार वर्षांपूर्वी तो घरी बसून होता, तेव्हा ह्यानेच साहेबांकडे शब्द टाकला आणि त्याला प्रयोगशाळेत चिकटवलं. तिथे तो शिकला, परीक्षा दिल्या, पांढरा कोट चढवला. आणि आता घरात उठताबसता भाऊजी! भाऊजींनी फळी ठोकून दिली, भाऊजी बहिणीला भांडी विसळून देतात. “भाऊजींचा आवाज कधी चढत नाही हो,” बायको म्हणायची, आणि ह्याचा नेमका तेव्हाच चढायचा. जळत होता बिचारा, आडपडदा कशाला ठेवू? दाढी करताना जळायचा, जेवताना जळायचा.

त्यात मिक्सिंग विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली. ह्या जागेवर नाकवाल्याचा डोळा होता तो काही आजकालचा नव्हे. पण साहेब म्हणाले, “दोन नावं आहेत. तुमचं आणि तुमच्या साडूचं. त्याचं नवं मिश्रण चाचणीत उतरू दे, मग ठरवू.” झालं! तळपायाची आग मस्तकात.

नव्या मिश्रणाची कृती साडूने लिहून पाठवली. दाणे किती, रबर किती, काय केव्हा घालायचं. खाली एक ओळ होती: ‘गठ्ठे पिशवीसकट घालावेत.’ त्यात वावगं काही नव्हतं. रबराचे गठ्ठे एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून प्रत्येकाला पातळ प्लास्टिकची पिशवी असते. ती मिक्सरमध्ये वितळून मालातच जिरते. सोलत बसायला वेळ कुणाला आहे?

पण ह्या खेपेचं रबर नव्या ठिकाणाहून आलं होतं. नाकवाल्याने पहिला गठ्ठा उचलला, तर पिशवी बोटांत कुरकुरली. नेहमीची पिशवी ओढली की लांबते, ही टर्रकन फाटली. त्याने एक तुकडा मिक्सरच्या तापलेल्या झाकणावर टाकला. नेहमीचा तुकडा तिथे लगेच वितळतो. हा जसाच्या तसा पडून राहिला. म्हणजे ही आत वितळणार नाही, मालात कपटे राहणार, आणि कपटा असेल तिथे माल तडकणार. प्रयोगशाळा पन्नास पावलांवर होती. पन्नास पावलं, दुसरं काही नाही.

तेवढ्यात साडूच दारात आला. “दादा, सगळं ठीक ना? तुम्ही एकदा वास घेतलात की मला धीर येतो.”

“कागद आहे ना तुमचा? शिकलेल्या माणसाला माझं नाक कशाला लागतं?” नाकवाला म्हणाला. साडू ओशाळं हसून गेला. आणि ह्याने गठ्ठे घातले, एकूण एक, पिशवीसकट.

चाचणीला साहेब होते, गाडीवाल्या कंपनीचे दोन पाहुणे होते. नव्या मालाच्या, बर्फाहून थंड केलेल्या पट्टीवर वरून वजन सोडलं. पहिली पट्टी फुटली. दुसरी फुटली. तिसरीचे तर चार तुकडे झाले. दाराशी उभ्या नाकवाल्याला गारगार वाटलं. साडूने एक तुकडा उचलला, कडेला नख लावून काहीतरी उपटलं, आणि म्हणाला, “साहेब, पाच मिनिटं द्या.” तो बाहेर गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“चूक माझी आहे. पिशवी नवी होती, मी तपासली नाही. दादांनी कागदाप्रमाणे केलं.”

साहेब काय चिडले, विचारू नका. दुसऱ्या दिवशी नाकवाल्याच्या हातात प्रमुखपदाचं पत्र पडलं. “लिहिलंय तसं करणारा माणूस हवा,” साहेब म्हणाले.

बाहेर साडू थांबला होता. त्याने अभिनंदन केलं आणि एक घडी केलेला कागद हातात दिला. आत दोन कपटे होते. “हा पट्टीतला,” तो हळूच म्हणाला, “आणि हा तुमच्या झाकणावरचा. काल तिथे तसाच राहिला होता. साहेबांच्या नजरेला पडायला नको म्हणून उचलला.” एवढं बोलून तो गेला. आवाज चढला नाही.

घरी बायको दारातच उभी होती. “भाऊजींचा फोन आला होता! स्वतःची जागा गेली, पण तुमच्यासाठी केवढा आनंद त्यांना! किती मोठं मन हो!”

नाकवाल्याचा हात खिशातल्या कागदावर गेला. सांगून टाकावं, मीच केलं म्हणावं, असं फार वाटलं. पण आता सांगितलं तर त्याचं मन आणखीच मोठं ठरणार. आणि उद्यापासून जी खुर्ची मिळणार होती, तीसुद्धा भाऊजींनीच दिलेली.

“जेवायला वाढ,” तो ओरडला.