देव्हारा बंद होता ते दिवस

गोळी वाढवूनही बीपी उतरेना, तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं की देवीचं आपल्याकडे लक्ष नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं वाटलं होतं. थायरॉइडची गोळी वाढली, बीपीची बदलली, मग तिला आणखी एक जोडली. मीठ कमी केलं, लोणचं-पापड ताटातून गेले, संध्याकाळी चालायला लागले. तरी डोकं जड, चेहरा सुजलेला आणि रिपोर्ट दर वेळी तसाच. माझी आई शिलाई मशीनवर बसल्या बसल्या कलंडली होती, बीपीनंच. तिची उजवी बाजू पुन्हा कधी हलली नाही. आता बीपीची तिसरी गोळी द्यावी लागेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हापासून मी येता-जाता माझाच उजवा हात बघायला लागले.

आम्ही बेंगळुरूचेच, कित्येक पिढ्या शिंपीकाम करणारे. आमच्या घरात कॉलेज बघितलेली पहिली मी. हे मी अभिमानानं सांगते, का सांगू नये? औषधाच्या चिठ्ठीवरचं मी नीट वाचते. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, हे मला पाठ. आणि आमच्या घरची रीत अशी, की अंबाबाईची पूजा होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. लग्न होऊन आले तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी, आमच्या अक्कांनी, ती मला घालून दिली. पूजा करायची, दूध-साखरेचा नैवेद्य दाखवायचा आणि तेच दूध दिवसातलं पहिलं म्हणून प्यायचं. मी गोळी त्या दुधाबरोबर घेत होते. त्याआधी पोटात काही नसायचं, म्हणजे रिकामंच पोट. वर देवीचा प्रसाद. याहून चांगलं काय, असं मला वाटायचं. "रिकाम्या पोटी घेता ना?" असं डॉक्टरीणबाई विचारायच्या आणि मी ताठ मानेनं "हो" म्हणायची. खोटं बोलत नव्हते.

अशात के. आर. पुरमला अक्कांना नातू झाला. भावकीतलं बाळ, म्हणजे आम्हालाही दहा दिवस सोयर. आनंद होताच, पण सोयर फिटेपर्यंत पूजा नाही, नैवेद्य नाही. मी देव्हाऱ्याचं दार ओढून घेतलं आणि तिथेच बसून रडले. नेमकी मला गरज असताना तू दार लावून घेतलंस, असं तिला म्हणाले. मागून यजमान म्हणाले, "दार तू लावलंस." मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही.

त्याच दिवसांत मला जे. पी. नगरच्या दवाखान्यात जायचं होतं. तिसऱ्या गोळीचं तेव्हाच ठरायचं होतं. बाहेर बाकावर शेजारी मोगरा माळलेल्या एक कानडी बाई बसल्या होत्या, वयानं माझ्याहून मोठ्या. ओळख ना पाळख, पण आमच्या गावात माणसं नावाआधी हेच विचारतात.

"तिंडी आयता?" नाश्ता झाला का.

"इन्नू इल्ला," मी म्हणाले. अजून नाही. एरवी तेवढ्यावर थांबले असते. पण मन भरून आलेलं, सांगत सुटले. घरी सोयर आहे, पूजा बंद आहे, सकाळी नुसत्या पाण्याबरोबर गोळी घेतली, काही गोडच लागत नाही.

"मग रोज कशाबरोबर घेता?"

"देवीच्या दुधाबरोबर."

डॉक्टरीणबाई पुढच्या पेशंटला हाक मारायला दारात आल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या. "कसलं दूध?"

आत नेऊन त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारून घेतलं. मग म्हणाल्या, दुधानं ही गोळी अंगी लागत नाही, आणि थायरॉइड मंद राहिला की बीपीही हट्टाला पेटतं. तिसरी गोळी आत्ता नको. थायरॉइडची गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या, तासभर काही खाऊ नका, दूध तर बरंच उशिरा. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू. आणि हसल्या, "प्रसाद तुम्ही खाण्यात धरत नाही, हे विचारायचं मला सुचलंच नाही."

बाहेर आले तर बाकावर त्या बाई नव्हत्या. त्यांचं काम झालं असेल. मला त्यांचं नावही ठाऊक नाही.

पण पूजेआधी पाणी? रीत मोडायची हिंमत होईना. बारशाला गेले तेव्हा अक्कांना बाजूला घेऊन भीत भीत विचारलं.

"मी काय करते वाटतं तुला?" अक्का म्हणाल्या. "शुगर निघाल्यापासून मी आधी खाते, मग पूजा करते. उपाशी चक्कर येऊन तिच्याच अंगावर पडू होय?"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कधी? शिकलेली बाई, तुला सगळं ठाऊक असतं." आणि बाळाला माझ्या मांडीवर देत म्हणाल्या, "याला स्वल्प धर, मला पानं वाढायचीत."

त्या चिमुकल्याला धरून मी कितीतरी वेळ बसले. ज्याच्या जन्मानं माझी पूजा बंद पडली, तो माझं बोट मुठीत घेऊन झोपला होता.

पुढचा रिपोर्ट आला तेव्हा थायरॉइड ताळ्यावर येत होता आणि बीपीसुद्धा उतरलं होतं. तिसरी गोळी लागली नाही. आहेत त्या चालू आहेत, चालू राहतील, त्याचं मला काही वाटत नाही. आता रोज सकाळी देवीसमोर उभी राहून, गोळी तिला दाखवून, पाण्याबरोबर घेते. पूर्वी हेब्बाळच्या ऑफिसची बस गाठायची म्हणून पूजा उरकायची. आता तसंही तासभर काही खायचं नसतं, तेव्हा लवकर उठते आणि तो वेळ तिचा. नैवेद्याचं दूध यजमान पितात आणि पोटावर हात फिरवत म्हणतात, देवीनं मला बाळसं दिलंय.

मी नेम पाळत होते आणि मनात म्हणत होते, बघ, मी किती करते तुझ्यासाठी. तिला ते नको होतं. ती दहा दिवस स्वतः बाजूला झाली, एवढंच. फूल वाहताना माझा उजवा हात मला दिसतो. तो धड आहे. दार कुणी लावलं होतं, यावर मी आता यजमानांशी वाद घालत नाही.